टर्बो १३बी: कारखान्याचा इनटेक मॅनिफोल्ड ठेवू की आखूड रनरचा घेऊ?

रोटरीवेडा_ऑकलंड

नमस्कार मंडळी. माझी गाडी १९९० ची माझदा आरएक्स-७, एफसी म्हणजे दुसरी पिढी, मूळची बिनटर्बोची. इंजिन १३बी, पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणारं रोटरी. गेल्या थंडीत कॉम्प्रेशन तपासलं तर मागच्या रोटरच्या तीन बाजूंपैकी एकीचा दाब पार बसलेला निघाला. इंजिन उघडायचंच आहे तर टर्बो करूनच बंद करावं, असं ठरवलं. त्याच मालिकेचं चार पोर्टवालं (हवा आत यायची चार भोकं असलेलं) टर्बो १३बी एका मोडीत निघालेल्या गाडीतून मिळालं. ९.० कॉम्प्रेशनचे रोटर, हाउसिंगचा (रोटरभोवतीच्या घराचा) क्रोम शाबूत. पण इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड, आधीच कुणीतरी काढून नेलेला.

आता तीन वाटा आहेत. एक, माझ्या जुन्या इंजिनाचाच मॅनिफोल्ड लावायचा, खर्च शून्य. दुसरी, टर्बो एफसीचा मूळ वरचा आणि खालचा मॅनिफोल्ड जोडीने जुन्या बाजारातून घ्यायचा. तिसरी, आखूड सरळ रनर (हवेच्या नळ्या), मोठा प्लेनम (त्यांच्या तोंडाशी हवेची पेटी) आणि ९० मिमीची एकच थ्रॉटल (हवेची झडप) असलेला बनवून घ्यायचा. इथले मित्र तिसऱ्याच्या प्रेमात आहेत, आणि बॉनेट उघडल्यावर तो दिसतोही देखणा.

चाकांवर ३०० अश्वशक्ती मिळाली तरी मी तृप्त. टर्बो एकच, इसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतंत्र, पेट्रोल ९८ ऑक्टेन. रोज याच गाडीने कामाला जातो, अर्धा वेळ मोटरवेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत. महिन्यातून एकदा हॅम्प्टन डाउन्सला ट्रॅकवर. नंतर एलव्हीव्ही प्रमाणपत्रही (बदल केलेल्या गाड्यांचं, इथलं) घ्यायचंय, म्हणून काम एकदाच आणि नीट व्हावं अशी इच्छा आहे. ही गाडी मला विकायची नाही, कधीच.

तीनकोनी_सिडनी

पहिली वाट आत्ताच विसर. बिनटर्बो इंजिनाला सहा पोर्ट, म्हणजे पुढच्या आणि मागच्या हाउसिंगमध्ये एकेक जादा. तुझ्या नव्या इंजिनाला चारच. तोंडं जुळत नाहीत, आणि टर्बोच्या अंगाला तो मॅनिफोल्ड भिडतो ते वेगळंच.

खरा प्रश्न दुसरी की तिसरी. तू रोजचं सरकणं लिहिलंस म्हणून दुसरी. कारण सांगतो.

पिस्टनच्या इंजिनात हवा ओढण्याचा स्ट्रोक क्रँकच्या १८० अंशांत उरकतो. रोटरीत तो शाफ्टच्या २७० अंशांचा असतो आणि दोन रोटर एकमेकांपासून १८० अंशांवर. म्हणजे एक ओढत असताना दुसराही बराच वेळ ओढतच असतो. व्हॉल्व्ह नाहीत, पोर्ट उघडला की हवेला पुढेही वाट आणि मागेही. प्लेनम आणि रनर ठरवताना पिस्टनवाल्यांचे आडाखे जसेच्या तसे उचलता येत नाहीत ते यामुळे.

आणि माझदाने थ्रॉटलमध्ये तीन पाकळ्या उगाच नाही ठेवल्या. पाय हलका असताना फक्त प्रायमरीची पाकळी उघडते, सगळी हवा मधल्या हाउसिंगच्या दोन पोर्टांतून जोरात जाते. प्रायमरी इंजेक्टरही तिथेच फवारतात, त्यामुळे पेट्रोल नीट मिसळतं. पाय दाबलास की टोकांचे सेकंडरी पोर्ट कामाला लागतात. ९० मिमीच्या एका थ्रॉटलमागे चारही रनर एकाच प्लेनममध्ये उघडले की ही सोय गेली. कमी आरपीएमला हवा चौघांत वाटली जाते, वेग मरतो, पोर्टांमधून जळका वायूही मागे येऊन मिसळतो. आयडल (उभ्या गाडीत इंजिनाची चाल) डचमळतं, हलक्या पायावर गाडी हिसके देते. ट्यूनर ते बरंच लपवतो, पण पूर्ण नाही. माझ्या आधीच्या गाडीत मी हे दोन वर्षं सोसलंय. सहा हजाराच्या पुढे ती स्वर्ग होती. ट्रॅफिकमध्ये बायको शेजारी बसायला तयार नसे.

लोक म्हणतात, टर्बो हवा ढकलतोच आहे, रनरची लांबी कशाला बघायची? बूस्ट (टर्बोचा दाब) असला तरी नळ्यांत हवेच्या दाबाच्या लाटा असतातच, आणि टर्बो उठायच्या आधीचं सगळं इंजिन रनरवरच चालतं. १९९१ ला ल मांसची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीच्या चार रोटरच्या इंजिनाला इनटेकचे कर्णे (हवा ओढणाऱ्या नळ्या) चालत्या गाडीत लांब-आखूड होत असत. ते बिनटर्बो होतं, पण रोटरीला रनरची लांबी किती कळते ते त्यावरून दिसतं.

पॅटर्नवाला_कोल्हापूर

राम राम. मी रोटरी कधी उघडली नाही. पण शिरोलीत पॅटर्न (ओतकामाचे नमुने) आणि ॲल्युमिनियम कास्टिंगमध्ये बावीस वर्षं गेली, म्हणून तिसऱ्या वाटेबद्दल दोन गोष्टी सांगतो.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला, बरोबर? म्हणजे मॅनिफोल्ड टर्बोच्या डोक्यावर भाजत राहणार. पातळ पत्रा टिग वेल्डिंग करून बनवलेला मॅनिफोल्ड आधी वेल्डिंगला वाकतो, मग रोज तापून-निवून शिवणीपाशी चिरतो. जाड ओतीव मॅनिफोल्ड सावकाश तापतो, आकार धरून राहतो. बनवून घ्यायचाच झाला तर फ्लेंज (इंजिनावर बसणारी सपाट कड) निदान १२ मिमीचा घ्या, वेल्डिंग झाल्यावरच मशीनिंग करा, आधी नको. ताब्यात घेताना फ्लेंजवर सरळपट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. एक दशांश मिमीचं पातं सरकलं तर भावा, परत द्या तो. तिथून फुकटची हवा आत जाईल, मिश्रण पातळ होईल, आणि बूस्टवर पातळ मिश्रण म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

जुना ओतीव घेतलात तरी हीच तपासणी. शिवाय तोंडं बंद करून, पाण्यात बुडवून, एक बार हवा भरा. ओतकामातली सच्छिद्रता नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

रोटरीवेडा_ऑकलंड

पातळ मिश्रण म्हणजे नॉक (मिश्रण अवेळी भडकणं), नॉक म्हणजे एपेक्स सील (रोटरच्या टोकाची पट्टी) तुटणं. हो, माहीत आहे. एकदा ऐकलेला तो आवाज अजून कानात आहे.

दुसरी वाट पक्की केली. जोडी मिळाली, काल पाण्यात बुडवली. सेकंडरी इंजेक्टरच्या एका भोकापाशी बुडबुडे आले, तिथली रबरी सील कडक झाली होती. बाकी कोरडा. फ्लेंजवर पाच शतांशाचं पातंही सरकलं नाही. बॉनेटखाली किती जागा उरते ते बघायला प्लेनमवर कणकेचा गोळा ठेवून बॉनेट दाबलं. १४ मिमी उरतात. मागवलेलं स्ट्रट-बार (पुढच्या दोन सस्पेन्शनांची डोकी जोडणारी दांडी) आता परत करावं लागणार.

दोन शंका उरल्यात. मूळचे चार ५५० चे इंजेक्टर, म्हणजे मिनिटाला २२०० सीसी, ३०० ला अपुरे पडतील. फक्त सेकंडरी १००० चे घातले तर पुरेल? आणि टर्बोच्या वर उष्णतेसाठी पत्रा लावू की एक्झॉस्टलाच गुंडाळू?

तीनकोनी_सिडनी

प्रायमरी ५५० राहू दे, आयडल सुरेख राहील. सेकंडरी १००० म्हणजे एकूण ३१००, पुरतं. पंप मात्र मोठा घाल. टर्बोच्या गरम घराला ब्लँकेट आणि मध्ये पत्राही, दोन्ही कर. खालच्या मॅनिफोल्डात पाण्याची वाट आहे, तिची छोटी ओ-रिंग नवीच घाल. मी जुनी ठेवली होती, तिसऱ्या दिवशी इंजिनावर पाणी.

तुझ्या मालिकेचा तेलाचा मीटरिंग पंप (रोटरच्या सीलना मापून तेल देणारा) इलेक्ट्रॉनिक आहे, तो तुझा इसीयू चालवतो का ते आधी विचार. नसेल चालवत तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल घालायची सवय लाव, प्रत्येक टाकीला, न चुकता.

रोटरीवेडा_ऑकलंड

विचारलं, नाही चालवत. तेलाची बाटली आणि मापाचा पेला डिकीत ठेवलाय. ओ-रिंग शनिवारी.