अनुभव धागा: वैशाखात पाऊस आला आणि जमीन तापलीच नाही

मंडळी, चैत्र संपत आला की आमच्या गावात ट्रॅक्टरवाल्याकडे नांगरटीसाठी नंबर लावणं सुरू होतं. यंदा नंबर लावताना सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे, 'मागच्यासारखं नको व्हायला.' म्हणून हा धागा.

२०२५ च्या मे महिन्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच वळीव सुरू झाला. २४ मे रोजी मान्सून केरळात पोहोचला, त्याच दिवशी अरबी समुद्रातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या मध्ये किनाऱ्याला लागलं आणि २६ तारखेला मुंबई-पुण्यात मान्सून आल्याचं जाहीरही झालं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. टीव्हीवर आनंदाच्या बातम्या होत्या. मी मात्र औशाजवळच्या आमच्या रानात बांधावर उभा होतो. साडेचार एकरांपैकी दोनच एकर नांगरून झालं होतं.

ज्यांचा शेतीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काळ्या रानाला उन्हाळा लागतो. नांगरल्यावर वर आलेली ढेकळं महिनाभर तापतात. हरळी, कुंदा या तणांच्या काशा-मुळ्या वाळून जातात. जमिनीत दडलेले किडींचे कोष उघडे पडतात, ते उन्हानं मरतात नाहीतर बगळे, साळुंक्या वेचतात. आणि तापलेलं ढेकूळ पहिल्या पावसात असं विरघळतं की वखराची एक पाळी दिली तरी रान पेरणीजोगं होतं. माझ्या दोन एकरांत हे झालं. राहिलेल्या अडीच एकरांत पावसानं वाफसाच, म्हणजे औत घालण्याजोगी बेताची ओल, येऊ दिला नाही. शेवटी जूनमध्ये ओल्यातच रोटाव्हेटर फिरवून पेरलं. जुलैत दोन्ही तुकड्यांच्या मध्ये उभं राहिलं की डाव्या हाताला सोयाबीन आणि उजव्या हाताला सोयाबीनपेक्षा गवत उंच. बियाणं एकच, खत एकच, पेरणारा मी एकच. खुरपणीला उजवीकडे दुप्पट बायका लागल्या.

तुमच्या शिवारात काय झालं ते लिहा. पीक कोणतं, साधारण कधी, आणि पुढं त्याचं काय झालं, हे जरूर लिहा. पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

येवला, उन्हाळ कांदा

आमची लागवड उशिराची, जानेवारी अखेरची. त्यामुळे काढणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली. कांदा काढला की तीन-चार दिवस रानातच पातीखाली झाकून सुकवायचा, मान बारीक झाली की पात कापायची, परत सावलीत ठेवायचा आणि मग चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरायचा, ही आमची पद्धत. अर्धं रान काढून झालं होतं. दुपारी तीनला ऊन होतं, चारला वारा सुटला, साडेचारला गारा. ताडपत्री होती, पण ती एका ढिगापुरती. आई, बायको, मी आणि शेजारची दोन पोरं पाऊस अंगावर घेत कांदे गोळा करत होतो. ओला कांदा ढिगात घातला की आतून तापतो हे माहीत असूनही घालत होतो, कारण रानात पाणी साचलं होतं.

मग पुढचे पंधरा दिवस ऊनच नाही. मान ओली राहिली. भाव आधीच पडलेले, तरी जो निवडून बरा वाटला तो चाळीत भरला, वाटलं की दसऱ्यापर्यंत टिकेल. जुलैच्या सुरुवातीलाच चाळीतून वास यायला लागला. खालच्या थराला पाणी सुटलेलं, मधल्याला काजळी, वरच्याला कोंब. नेहमी जी चाळ चार-साडेचार महिने हात न लावता राहते ती आम्ही तीनदा उपसून निवडली. प्रत्येक वेळी ट्रॉलीभर कांदा उकिरड्यावर. पंचनामा झाला तो रानातल्या कांद्याचा. चाळीत सडलेल्याचा पंचनामा कुठल्या रकान्यात भरायचा हे आलेल्या माणसालाही सांगता येईना.

यंदा मी लागवड वीस दिवस आधी उरकली आहे. सगळी नाही, पाण्याच्या पाळीमुळे जेवढी जमली तेवढी.

माण तालुका, सातारा

सगळ्यांचं दुःख वाचतोय आणि माझं लिहावं की नाही असं होत होतं. पण धाग्यात खरं यावं म्हणून लिहितो. आमच्याकडे मे म्हणजे टँकरची वाट बघायची. २०२५ ला शेवटच्या आठवड्यात ओढे वाहिले. माझ्या आठवणीत मे महिन्यात विहिरीत वाकून पाणी दिसलं ते पहिल्यांदा. जनावरांना हिरवा चारा मिळाला. आमच्यासाठी तो पाऊस चांगलाच होता.

तासगाव, द्राक्ष

माझा अनुभव जरा लांबेल, कारण आमचं नुकसान मेमध्ये झालं आणि दिसलं ऑक्टोबरात.

द्राक्षाच्या दोन छाटण्या असतात. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी. लोकांना वाटतं की घड फळछाटणीनंतर तयार होतो. तो त्यानंतर बाहेर येतो, एवढंच. काडीच्या डोळ्यात घड धरायचा की नाही हे वेल खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत ठरवते. त्या दिवसांत काडीवर ऊन पडायला हवं, पाणी बेतानं हवं, वाढ थोडी रोखलेली हवी. आमची छाटणी १० एप्रिलला झाली. म्हणजे २० मे ते ९ जून. आता वर दिलेल्या तारखा बघा.

त्या तीन आठवड्यांत माझ्या बागेत सूर्य जेमतेम दिसला. मुळाशी पाणी, वर आभाळ. वेल नुसती पळत होती. शेंडा मारला की चार दिवसांत बगलफुटी, म्हणजे बाजूच्या नव्या फुटी. पानावर डाऊनी हा बुरशीसारखा रोग दिसला, जो आम्ही एरवी पावसाळ्यात आणि फळछाटणीनंतर बघतो. फवारणीला ट्रॅक्टर आत जाईना, चाकं रुतायची, म्हणून पाठीवरच्या पंपानं मारलं. बाग हिरवीगार दिसत होती. पाहुणे आले की म्हणायचे, काय बाग आहे! मला मात्र झोप नव्हती.

सप्टेंबरात काड्या तपासायला दिल्या. डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दहा डोळ्यांतल्या तीन-चारांत घड, बाकीच्यांत काही नाही किंवा घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा. तरीही छाटणी केली, करणार काय? फुटी निघाल्या तेव्हा माझे वडील प्रत्येक वेलीखाली थांबून मोजत होते. ज्या वेलीवर पस्तीस-चाळीस घड ठेवून बाकीचे आम्ही काढून टाकतो तिथं मोजून आठ, दहा, बारा. जे होते तेही बरेचसे गोळी घड, म्हणजे नीट न वाढलेले बारीक. त्यांनी मोजणं मध्येच थांबवलं आणि घरी गेले.

खर्च मात्र पूर्ण बागेचाच झाला. बारा घडांनाही औषध तेवढंच लागतं.

मला एवढंच सांगायचं आहे की मे महिन्यात बागेत फळ नसतं, म्हणून नुकसानीची पाहणी होते तेव्हा आमच्याकडे दाखवायला काही नसतं. मोकळ्या हिरव्या वेलीचा फोटो काढून कुणाला पटवायचं? विम्याचा काळही फळछाटणीनंतरचाच धरतात. यावर कुणाला मार्ग सुचत असेल तर या धाग्यात जरूर लिहा.

धागाकर्ता

तासगावच्या दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून थांबलो. हे आम्हाला, म्हणजे सोयाबीनवाल्यांना, खरंच माहीत नव्हतं.

वरुड, संत्रा

द्राक्षासारखंच आमचंही. मृग बहार घ्यायचा तर एप्रिलअखेरीपासून झाडाचं पाणी तोडतो. महिना-दीड महिना ताण. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, बघवत नाही, पण झाड तेव्हाच विसावतं. मग मृगाचा पाऊस आला की फुलांनी भरतं. मागच्या मेमध्ये वळवाच्या सरी येत राहिल्या आणि ताण तुटला. झाडावर फुलाऐवजी नवती निघाली, नुसती पालवी. नवतपा म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, ज्यात इकडं दुपारी वावरात कोणी दिसत नाही. मागच्या वेळी त्या नऊ दिवसांत रात्री पांघरूण घेतलं. माझ्या २२० झाडांपैकी मोजक्याच झाडांवर मृग फुटला.

कळमनुरी, आईच्या वतीनं

आई मजुरीला जाते. तिनं सांगितलं तसं लिहिते.

'उन्हाळी भुईमूग उपटायचा अन् शेंगा तोडायच्या, हे मेमधलं काम. पहाटे पाचला जायाचं, दहा-साडेदहाला परत. शेंगांवर मजुरी मिळते, जेवढ्या तोडल्या त्यातला वाटा. वर्षाचं शेंगदाणं त्यातनंच घरी येतं. त्या साली पाऊस लागला अन् भुईमूग रानातच राहिला. पंधरा दिवसांनी उपटला तर शेंगंला मातीतच मोड आलेले. डहाळ्याला धरून ओढलं की शेंग खाली, हातात नुसता पाला. कुदळीनं उकरून काढल्या. मालकाचं गेलं ते दिसलं. आमचा वाटा गेला तो कुणी लिहून घेतला न्हाई.'

त्या वर्षी आम्ही दाणे विकत आणले. आईनं आयुष्यात पहिल्यांदा.

राजापूर

ताई, तुमच्या आईंचं वाचलं. माझंही घरातलंच आहे.

आमचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मेमध्ये पिकतात. फोडून बी काढायची, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी परत रसात. असे पाच-सहा पुट दिले की आमसूल काळं आणि मऊ होतं. त्याला लागोपाठ आठवडाभर कडक ऊन पाहिजे. २० मेनंतर उन्हाचं नाव नाही. दोन पुट झालेली सालं ओटीवर, माळ्यावर, चुलीच्या उबेला, जिथं जागा मिळेल तिथं पसरली. बुरशी आली. गडी सांगत होता टाकून द्या, सासूबाई टाकू देईनात. शेवटी टाकलीच. झाडावरचे रातांबे खाली पडून पायवाट लाल झाली होती.

भाताचं त्याहून वाईट. राब, म्हणजे रोपांसाठीची जागा पालापाचोळा जाळून, भाजून झाला होता, पण दाढ, म्हणजे रोपांसाठीचं बी, पेरायची ती रोहिणी नक्षत्रात, कोरड्या मातीत. पावसाआधी बी जमिनीत जायला हवं. इथं मातीचा चिखलच. काहींनी तसंच फेकलं, ते कुजलं. आम्ही पाणी ओसरायची वाट बघत जूनचा पहिला आठवडा घालवला, नंतर मोड आणलेलं बी चिखलावर टाकलं. लावणी जवळजवळ तीन आठवडे मागे गेली. लवकर आलेल्या पावसानं भात उशिरा झाला, हे मुंबईच्या नातेवाइकांना समजावताना माझी दमछाक झाली.

चोपडा

कपाशीचं थोडक्यात. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून १ जूनच्या आधी लागवड करू नका असं कृषी विभाग सांगतो, आणि ते बरोबर आहे. पण मेमध्ये रान ओलं झाल्यावर दम निघत नाही. मी दम धरला म्हणून सांगतो, ठिबक असूनही ५ जूनपर्यंत थांबलो. शेजाऱ्याच्या केळीचे मात्र वाऱ्यानं निसवलेल्या घडासकट खांब मोडले. त्याच्याकडे थांबायला काहीच नव्हतं.

फलटण, मेंढपाळ कुटुंब

उन्हाळ्यात आम्ही रानोरान मेंढरं बसवतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य, पैसे. ओल्या काळ्या रानात मेंढरू बसवता येत नाही. खूर सडतात, लंगडायला लागतात. त्या मेमध्ये ठरलेली अकरा रानं सोडली. चिखलात कोकरं गारठून गेली, किती ते लिहीत नाही. शेतकऱ्यांचंही खत राहिलं, ते पुढं युरिया टाकून भागवतात, पण ते भागत नाही हे त्यांनाही माहीत आहे.

रिसोड, सोयाबीन

मी २८ मेला पेरलं. लिहायला जड जातंय पण लिहितो. रान ओलं, मान्सून आला म्हणून जाहीर झालेलं, गावात चार ट्रॅक्टर पेरणीला लागलेले. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं सांगतात. आमच्याकडे तेवढा झालाही होता. पण तो मेचा पाऊस होता. महिनाअखेरीस मान्सून जो थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत. ऊन असं पडलं की मे महिना जणू जूनमध्ये आला. दोन पानांवर आलेलं सोयाबीन दुपारी माना टाकायचं, सकाळी उचलायचं. आठ दिवसांनी सकाळीही उचलेना. २१ जूनला दुसऱ्यांदा पेरलं, बियाणं उसनवारीनं आणून. वडील म्हणाले होते, मृग निघू दे. मी म्हणालो होतो, आता नक्षत्रांवर कोण पेरतं?

धागाकर्ता

रिसोडच्या भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. त्याच आठवड्यात मीही बियाण्याच्या पिशव्या ओसरीवर काढून ठेवल्या होत्या. रान नांगरलेलं नव्हतं म्हणून वाचलो, शहाणपणानं नव्हे.

परभणी, उन्हाळी सोयाबीन बियाणं

ज्यांनी उन्हाळी सोयाबीन बियाण्यासाठी घेतलं होतं त्यांच्यासाठी. माझं एक एकर कापून पडलं असताना दोन दिवस भिजलं. वाळवलं, चाळलं, दिसायला उत्तम. दाणा पिवळाजर्द. गावातल्या सहा जणांनी बियाणं सांगून ठेवलं होतं. बायको म्हणाली, आधी उगवण बघा. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे, गुंडाळून घराच्या कोपऱ्यात. रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उघडून दोघांनी मिळून मोजलं. एकेचाळीस. सत्तर पाहिजेत. परत दुसऱ्या पोत्यातले शंभर लावले, ते अडतीस.

सहाही जणांना घरी जाऊन सांगितलं की बियाणं देत नाही. सगळं तेलासाठी अडतीवर घातलं. यंदाचं कापणीला आलंय. गोणपाट धुऊन वाळत घातलं आहे, ताडपत्र्या तीन आणल्यात. मळणी झाली की शंभराचा आकडा इथं लिहीन.