गणपतीत बैठक, मुंबईत विसर: गावच्या कारभारात साध्या माणसाने शिरायचं कुठून?

भरती_ओहोटी
कोकणात गणपतीत दर गावी एक बैठक ठरलेलीच. देवळाच्या सभामंडपात चटया पडतात, वाडीचा रस्ता, नळपाणी योजना, बंद पडलेला पथदिवा यांवर तास-दीड तास आवाज चढतात, मग कोणीतरी "आरतीची वेळ झाली" म्हणतं आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. त्या बैठकीचं इतिवृत्त कुठल्याच कार्यालयात पोचत नाही, कारण गावकीच्या बैठकीला कायद्यात जागाच नाही. ग्रामसभेला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साध्या माणसाने निवडणुकीच्या नादी लागू नये. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, त्या साधारण 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारीच्या सुमारास होतात. आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचं लेखाविवरण, प्रशासन अहवाल, यंदाच्या कामांचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाचं टिपण मांडणं बंधनकारक आहे. वर्षभर ओरडण्यापेक्षा त्या एका सभेत लेखापरीक्षणाचं टिपण मागा. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, पण विषयपत्रिका त्याआधीच ठरलेली असते. म्हणून आपला विषय नोटीस लागण्यापूर्वी लेखी द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यायचा. पोच नसलेलं पत्र दिलं काय, न दिलं काय, सारखंच.

पाणंद
भरतीदादा, पत्र देऊन पोच घेणाऱ्यांच्या फायली कोकणात कपाट भरून आहेत, आणि रस्ता आहे तिथेच आहे. ग्रामसभेने ठराव केला तरी तो राबवायचा की नाही, पैसे कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचे, हे मासिक सभेत ठरतं. सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत चार हात वर झाले की विषय संपला. सरपंच 2022 पासून पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, म्हणजे एका माणसाच्या हातात जास्तच वजन गेलं. ते वजन बाहेर बसून कसं हलवणार?

नाणारचं उदाहरण घ्या. राजापूर तालुक्यातल्या ग्रामसभांनी रिफायनरीविरोधात ठराव केले, ते सरकारला बंधनकारक नव्हते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात नाहीत, त्यामुळे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा डहाणू-तलासरीसारखा तिथे लागू नाही. प्रकल्प तिथून हलवायचं जाहीर झालं ते फेब्रुवारी 2019 मध्ये, भाजप-शिवसेना युतीच्या घोषणेबरोबर, लोकसभेच्या तोंडावर. भूसंपादनाची अधिसूचना मार्चमध्ये रद्द झाली. हे ठरावाने झालं की मतांच्या भीतीने, तुम्हीच सांगा.

भरती_ओहोटी
मतांची भीती आभाळातून पडली का? गावोगावचे ठराव, सातबारावाल्यांच्या वैयक्तिक हरकती, मोर्चे हे सगळं आधी साचलं, म्हणून कुठल्यातरी पक्षाला त्यात मतं दिसली. औद्योगिक विकास महामंडळाच्या कायद्यात जमीन घेताना कलम 32(2) ची नोटीस येते, आणि तिला उत्तर द्यायचं असतं जमिनीत हितसंबंध असलेल्याने. तिथे सदस्याच्या आणि सरपंचाच्या सहीपेक्षा सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हातारीच्या सहीला जास्त किंमत.

जांभा_चिरो
गजाली चिक्कार, अर्ज एक नाय. कोरम होणा नाय तर सभा कसली नि ठराव कसलो? घराकडे जावा नि पेज खावा.

भरती_ओहोटी
जांभाभाऊ, इथेच लोक फसतात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी कंटाळून घरी गेलात की पुढच्या तारखेला वीस माणसं बसून तुमच्या नावे ठराव करतात, आणि तो पक्का असतो. जमलं तर दोन्ही दिवस जा, एकच जमणार असेल तर तहकूबीच्या दिवशी जा. उठताना इतिवृत्तात आपला विरोध नोंदवला का, ते वाचूनच उठा. कोऱ्या पानावर हजेरीची सही करू नका. नंतर वर कोणता ठराव चढेल याचा भरवसा नाही.

वाळूतली_होडी
तारखांबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. 1 मे म्हणजे हापूसच्या पेट्या भरण्याचे आणि काजू सुकवण्याचे दिवस. सकाळी अकराची वेळ म्हणजे मासे विकणारी बाई बाजारात पाटी घेऊन बसलेली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा खलाशी घरी असतात, आणि नेमकी त्या दोन महिन्यांत ठरलेली ग्रामसभा नाही. मग बंदराच्या वाडीतून आठ डोकी आली तर दोष कोणाचा? जादा सभा सरपंच स्वतःहून कधीही बोलावू शकतो. पंचायत समितीने किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने मागणी केली तर त्याला बोलवावीच लागते. त्यामुळे सरपंच ऐकत नसेल तर अर्ज थेट पंचायत समितीकडे करा.

आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरात होते: अंगणवाडी सेविका घरोघरी फिरून सह्या आणते की झाली सभा. ती खरी घ्यायला लावली तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणाचे पैसे कशावर खर्चले हा प्रश्न तिथेच निघतो. शिलाई यंत्र आणि कुंड्या यापलीकडे काही निघालं तर मला कळवा.

निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, त्या आकड्याने मात्र हुरळू नका. खुर्चीत बाई आणि सहीपुरता तिचा हात, असं चालू असेल तर मी पाणंदच्या बाजूने नाही.

पाणंद
होडीताई, सहीपुरता हात असतो कारण उमेदवार शेवटच्या आठवड्यात शोधला जातो. आरक्षणाची सोडत निघाली की पळापळ, मग ज्याच्या घरात दाखला आहे त्याच्या बायकोचं नाव. ज्याला खरंच उभं राहायचंय त्याने वर्षभर आधी कागद लावावेत.

राखीव जागा असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्राची तयारी आधीच हवी. निवडून आल्यावर मुदतीत ते दिलं नाही म्हणून पद गेलेले पुष्कळ आहेत. घरपट्टी-पाणीपट्टीचं मागणी बिल आल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर अपात्र. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य असेल तर अपात्र. सरकारी जमिनीवर अतिक्रमण असेल तर अपात्र, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे घरच्यांच्या अतिक्रमणात राहणाऱ्यालाही लागू केलं. किनाऱ्यालगतच्या गावांनी हे नीट वाचावं. सासऱ्याने पुळणीलगत सरकारी जागेत वाढवलेली पडवी सुनेचं सदस्यपद घेऊन जाते. आणि हरलात तरी निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचाच. हरलेले तो देत नाहीत, मग पुढच्या वेळी बाद होतात.

हे सगळं किचकट आहे, मान्य. पण तुमच्या ग्रामसभेइतकंच.

लोअरपरळ_ते_लांजा
सगळं ठीक, पण आम्हा चाकरमान्यांना दोघांनीही वाऱ्यावर सोडलंत. घर गावात, घरपट्टी भरतो, सातबाऱ्यावर नाव, देवळाचा जीर्णोद्धार आमच्या वर्गणीतून. आणि ग्रामसभेत तोंड उघडलं की "तुमचं नाव यादीत आहे काय?" हा कुठला न्याय?

भरती_ओहोटी
परळकर, प्रश्न बरोबर आहे, उत्तर कडू आहे. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. घरपट्टीने मालकी सुद्धा सिद्ध होत नाही, तर मताचा हक्क कुठून येणार! ग्रामपंचायतीची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. प्रारूप यादीवर हरकतीची जी मुदत मिळते ती प्रभाग चुकला, विधानसभेच्या यादीत असलेलं नाव गळलं, एवढ्यापुरती. नवीन नाव तेव्हा चढत नाही. दर निवडणुकीला तहसीलबाहेर जे भांडण होतं ते याच गैरसमजातून. विधानसभेच्या यादीत नाव आधी हवं. नवीन नावासाठी नमुना 6, राहण्याची जागा बदलली असेल तर नमुना 8.

दोन्हीकडे नाव ठेवणं हा मात्र गुन्हा आहे. यादी "सर्वसाधारणपणे राहणाऱ्यां"ची असते. जो मुंबईत राहतो त्याने मुंबईतच ठेवावं असं माझं मत. वर्षातून बारा दिवस येणाऱ्याने तीनशे पासष्ट दिवसांचा सरपंच ठरवू नये.

लोअरपरळ_ते_लांजा
म्हणजे पैसे द्या आणि गप्प बसा.

पाणंद
गप्प का बसता? इथे भरतीदादांशी माझं एकमत आहे, लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही. माहितीचा अधिकार नागरिकाला आहे, त्याला मतदार यादी लागत नाही. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून लोअर परळातून अर्ज पाठवा. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. "रस्ता खराब का झाला" असं विचारू नका, "का"ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला. मोजमाप पुस्तिकेत खडीचा थर किती लिहिलाय आणि रस्त्यावर किती आहे, हे फूटपट्टीने कळतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचं तिकीट. दुसरं अपील 90 दिवसांत, माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. तिथे मात्र धीर धरून बसावं लागतं.

प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी असली तर किमान 30 दिवस आधी नोटीस असते, आणि ज्याचा संबंध पोचतो तो बाहेरूनही लेखी म्हणणं देऊ शकतो. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा जुलै 2024 मध्ये सहाव्यांदा निघाला, हरकतींना 60 दिवस होते. त्या यादीत आपलं गाव आहे की नाही, हे किती चाकरमानी मंडळांनी पाहिलं?

वाळूतली_होडी
अर्ज करताना रस्ता कोणाचा ते आधी बघा हो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. ग्रामपंचायतीवर मोर्चा नेऊन महामार्गाचे खड्डे बुजत नाहीत. माहितीचा अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर त्यांनी पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. तक्रारीचा अर्ज मात्र तिथेच धूळ खातो.

जांभा_चिरो
वाडीच्या पाखाडीचा काय? ती खंयच्या यादीत?

भरती_ओहोटी
जांभाभाऊ, लाखमोलाचं बोललात. बहुतेक पाखाड्या, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटा, कुठल्याच यादीत नाहीत. ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत नोंद नसली की तिच्यावर सरकारी पैसा पडत नाही. नोंद होत नाही कारण पाखाडी जाते सामाईक सातबाऱ्यातून, आणि त्यावर नावं असतात तीस-चाळीस. निम्मी मयत, वारसनोंद नाही. उरलेली विरार, डोंबिवली, लालबाग. सगळ्यांची संमती जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही, आणि एकजण "आमच्या हिश्शातून नको" म्हणाला की काम पुन्हा शून्यावर. यात ना सरपंच काही करू शकतो, ना ग्रामसभा.

तेव्हा परळकर, यंदा गणपतीत भाषण नको. तलाठ्याकडून सातबारा काढा, मयतांच्या वारसनोंदीचे अर्ज द्या, आणि सगळे हिस्सेदार दीड दिवसांच्या विसर्जनाआधी एकाच गावात आहेत तोवर संमतीपत्रावर सह्या घ्या.

लोअरपरळ_ते_लांजा
आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस आहेत. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

जांभा_चिरो
मगे त्येंका येगवेगळ्या आरतेक बोलवा.