एनजिनएक्स: रीलोड, रीस्टार्ट आणि साइट चालू ठेवण्याचे अनुभव

एनजिनएक्स (वेब सर्व्हर) चालू असताना त्याला रीस्टार्ट देण्याआधी काय तपासता? कमांड, कारण आणि कुठे फसतं तेवढं लिहा. 'आमच्याकडे कधी अडचण आली नाही' असले प्रतिसाद नकोत. :)

रात्रपाळी
नुसती कॉन्फिग (सेटिंगची फाइल) बदलली असेल तर रीस्टार्ट कशाला? आधी 'एनजिनएक्स -टी' (कॉन्फिग तपासणारी कमांड), मग रीलोड (सर्व्हर न थांबवता नवी कॉन्फिग लागू करणं). मास्टर (मुख्य प्रोसेस) नवी कॉन्फिग वाचून नवे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) उभे करतो, जुने हातातल्या रिक्वेस्ट संपवून जातात. कॉन्फिग चुकली तर जुनीच चालू राहते. रीस्टार्ट आधी बंद करतो, मग चालू करायला जातो. एक सेमिकोलन राहिला की साइट आडवी.

पोर्ट४४३
-टी पास झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. लिमिट-रेक (रिक्वेस्टच्या वेगावर मर्यादा) झोनची, म्हणजे त्याच्या शेअर्ड मेमरीतल्या जागेची, की (कशावरून मोजायचं ते) बदला किंवा त्याच नावाच्या कॅशेचा पाथ बदला. टेस्ट 'सक्सेसफुल' म्हणेल, रीलोडही गुपचूप परत येईल, आणि एरर लॉगमध्ये 'इमर्ज'ची (गंभीर चुकीची) ओळ पडून नवी कॉन्फिग नाकारलेली असेल. टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, तिला चालू मास्टरची शेअर्ड मेमरी दिसत नाही. उपाय: झोनला नवं नाव. रीलोडनंतर 'पीएस'मध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) वर्कर सुरू झाल्याची वेळ बघाच.

सॉकेटवाला
वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी कनेक्शन) असतील तर जुने वर्कर 'शटिंग डाउन' लिहून तासन्‌तास बसतात. चार रीलोड म्हणजे वर्करचे चार जुने संच, रॅम गेली. 'वर्कर-शटडाउन-टाइमआउट' (जुन्या वर्करला थांबायची कमाल मुदत) ५ मिनिटं ठेवा; क्लायंटला पुन्हा जोडता आलं पाहिजे, हे अर्थातच.

फाइव्हओटू
पीएचपी-एफपीएम (एनजिनएक्समागे पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड केलं की ५०२ (मागून नीट उत्तर न आल्याची एरर) येतात? 'प्रोसेस-कंट्रोल-टाइमआउट' (चालू रिक्वेस्ट संपायला दिलेला वेळ) मुळात ० असतो, म्हणून चालू रिक्वेस्ट मध्येच तुटतात. सर्वात लांब रिक्वेस्टपेक्षा थोडा जास्त ठेवा.

रात्रपाळी
ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) अपडेटनंतर मात्र रीलोडने भागत नाही. मास्टर जुनीच लायब्ररी धरून असतो, नवे वर्करही त्याच्याच पोटचे. 'एलएसओएफ'मध्ये (उघड्या फाइलींच्या यादीत) त्या फाइलपुढे 'डीईएल' (डिलीट झालेली) दिसतं. दोन सर्व्हर असतील तर लोड बॅलन्सरमधून (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या यंत्रणेतून) एकेक काढून रीस्टार्ट करा. एकच असेल तर मास्टरला यूएसआर२ सिग्नल: त्याच सॉकेटवर नवा मास्टर उभा राहतो. मग जुन्याला विंच सिग्नल (त्याचे वर्कर थांबतात), तपासणी, शेवटी क्विट (मास्टरही थांबतो). जुन्याचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) '.ओल्डबिन' फाइलमध्ये असतो. क्विटआधी बिघडलं तर जुन्याला हप सिग्नल (त्याचे वर्कर पुन्हा उभे राहतात), नव्याला क्विट.

पोर्ट४४३
अपस्ट्रीममध्ये (एनजिनएक्स ज्यांच्याकडे रिक्वेस्ट पाठवतो त्या मागच्या सर्व्हरच्या यादीत) होस्टनेम असेल आणि त्या क्षणी डीएनएस मिळालं नाही, तर 'होस्ट नॉट फाउंड' म्हणून रीस्टार्ट अडतो. आधी त्याच सर्व्हरवरून 'डिग' (डीएनएसला नाव विचारणारी कमांड) करा.