शेअर धरून बसणारे आळशी? मग हे वाचाच

सबुरी:
काल इथे एकाने लिहिलं, "बाजार डळमळीत असताना शेअर धरून बसणारे आळशी. हिंमत असेल तर शॉर्ट मारा." नवखे हे वाचतात, म्हणून सविस्तर लिहितोय. शॉर्ट म्हणजे उसना शेअर आज विकायचा आणि पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचा. शंभराला शॉर्ट केलेला शेअर शून्यावर गेला तरी मिळणार शंभरच. तो हजारावर गेला तर नऊशे खिशातून. ऑक्टोबर २००८ मध्ये सगळं जग कोसळत होतं आणि जर्मन मोटार कंपनी फोक्सवॅगनचा शेअर दोन दिवसांत हजार युरोंपार गेला. वर उसन्या शेअरचं भाडं. मध्येच डिव्हिडंड, म्हणजे कंपनीने भागधारकांना दिलेला नफ्याचा वाटा, आला तर तोही आपणच भरायचा.

उलटगणित:
ती पोस्ट माझी. जपानच्या निक्केई निर्देशांकाला डिसेंबर १९८९चा उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. तेवढ्यात माणूस नोकरीला लागून निवृत्तीला येतो. हिशेबांच्या घोटाळ्यात बुडालेल्या अमेरिकी एन्रॉन कंपनीचे शेअर धरून बसलेल्यांना सबुरीने काय दिलं?

सबुरी:
निर्देशांक आणि एकटी कंपनी यांची सरमिसळ करू नका. निक्केईच्या त्या आकड्यात डिव्हिडंड नाही. आणि सगळे पैसे नेमके शिखराच्या दिवशी ओतणारे असतात किती?

ठेवीदार:
मला तर शॉर्टवाल्यांचाच संताप येतो. पडत्याला ढकलतात. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेने ७९९ वित्तीय शेअरांवर शॉर्टबंदी घातली ती उगाच?

उलटगणित:
बंदीतही ते घसरतच राहिले! जर्मनीची पेमेंट कंपनी वायरकार्ड घ्या. पत्रकार हिशेबांवर बोट ठेवत होते, तर फेब्रुवारी २०१९ मध्ये जर्मन नियामकाने तिच्या शेअरवर दोन महिने नवा शॉर्टच बंद केला. जून २०२० मध्ये कळलं की कंपनीचे १.९ अब्ज युरो खात्यांत नाहीतच. बंदी पाहून ज्यांनी कंपनीवर भरवसा ठेवला, त्यांचे पैसे कोणी बुडवले? शॉर्टवाल्यांनी?

पोळलेला:
मी शॉर्ट केलेली कंपनी खोटी आहे हे मी बरोबर ओळखलं होतं. शेअर आधी दुप्पट झाला. सकाळी ब्रोकरचा फोन: दुपारपर्यंत मार्जिन, म्हणजे तारणाची वाढीव रक्कम, भरा. मुलीच्या नावची ठेव मोडायची का, यावर मी आणि बायको ओट्याशी उभ्या उभ्या बोलत होतो. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी दोघांचंही लक्ष नव्हतं. ठेव मोडली नाही. ब्रोकरने पोझिशन कापली, म्हणजे तोट्यातच माझा सौदा बंद केला. पाच महिन्यांनी शेअर मातीमोल झाला.

सबुरी:
माझं म्हणणं हेच. नुसतं बरोबर असून चालत नाही, ते खरं ठरेपर्यंत टिकावं लागतं.

उलटगणित:
'आळशी' हा शब्द मागे घेतो. नवख्याला पडझडीवर पैसे लावायचेच असतील तर त्याने पुट, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क, विकत घ्यावा; नुकसान त्यासाठी मोजलेल्या प्रीमियमपुरतंच राहतं. पण बंदीच्या मुद्द्यावर तसूभरही हटणार नाही.

ठेवीदार:
वायरकार्डचं पटलं, नाइलाजाने का होईना. बँकांचं नाही. कारखान्याचा शेअर पडला म्हणून त्याची यंत्रं थांबत नाहीत. बँकेचा पडला की लोक ठेवी काढायला धावतात, आणि काल धडधाकट असलेली बँकही त्यात बुडते.