दोन तासांत सुलेखनकार, मग कित्ता कशाला गिरवायचा?

तिरकी_निब:
परवापासून एक जाहिरात फिरते आहे. 'दोन तासांत कॅलिग्राफी आर्टिस्ट व्हा! १,९९९ रुपये, किट व प्रमाणपत्रासह.' इथवर गप्प बसलो असतो, पोट सगळ्यांनाच आहे. पण खाली कुणी विचारलं की सराव किती लागेल, तर उत्तर आलं, 'सरावाचा बाऊ जुन्या लोकांनी केलाय. मन मोकळं करा, अक्षर आपोआप वळतं.' मन मोकळं करायला एखादी मैत्रीण पुरते हो, त्याला पाच ब्रश पेन लागत नाहीत.

आता किटचं बघू. ब्रश पेन देतात आणि नियम शिकवतात तो असा: रेघ खाली येताना दाब द्या, वर जाताना हात हलका ठेवा. टोकदार निबच्या इंग्रजी लेखनाचा हा नियम, आणि तिथे तो शोभतो. मग शेवटची वीस मिनिटं 'आता आपल्या मायबोलीत' म्हणून तोच नियम देवनागरीच्या माथी मारतात. अहो, देवनागरीतलं जाड-बारीक दाबातून येत नाही. ते येतं बोरूच्या, म्हणजे टोक छाटलेल्या काडीच्या लेखणीच्या, रुंद तोंडातून आणि तो धरायच्या कोनातून. कोन बरोबर असला की शिरोरेषाही भरीव उतरते आणि कानाही. बारीक रेघ सापडते ती गोलाई वळते तिथे, तिरकी. दाबाने लिहिलंत तर काना लठ्ठ आणि शिरोरेषा दोऱ्याइतकी. रोमनसाठी बोरू ज्या बाजूला तिरका छाटतात त्याच्या उलट बाजूला आपण छाटतो, हे तरी पहिल्या दहा मिनिटांत सांगाल की नाही? कार्यशाळेत बोरूच नाही, तर सांगणार कशावर!

सुलेखनकार र. कृ. जोशी आयुष्यभर अक्षरांशी झटापट करत राहिले. कमल शेडग्यांनी लिहिलेलं नाटकाचं नाव पेपरातल्या जाहिरातीत दिसलं की नाटक हसवणार की रडवणार याचा अंदाज यायचा. आणि इथे दोन तासांत 'आर्टिस्ट'. कार्यशाळा खुशाल घ्या. प्रमाणपत्र कसलं वाटताय ते सांगा.

वसुधा_ठाणे:
तीच जाहिरात बघून मी गेले होते. बँकेत जन्मभर सह्या तपासल्या, स्वतःचं अक्षर मात्र कोंबडीचे पाय. निवृत्तीनंतर सून म्हणाली, आई, घरात बसून माझ्या डब्यात काय आहे ते बघण्यापेक्षा काहीतरी शिका. (ती तशी गोड आहे, बोलते तिखट.) गेले, मजा आली. आज सोसायटीतल्या लग्नपत्रिकांची पाकिटं माझ्याकडे येतात. शिरोरेषा दोऱ्याएवढी आहे म्हणून अजून एकही पाकीट परत आलेलं नाही. प्रमाणपत्र फ्रीजवर लावलंय, येताजाता दिसतं. तुमच्या पोटात का दुखतंय?

तिरकी_निब:
ताई, दुखत काही नाही. पाकिटं लिहा, आनंदाने लिहा. पण उद्या तुम्हीच 'कॅलिग्राफी आर्टिस्ट' म्हणून वर्ग काढाल आणि तोच चुकीचा दाब पुढच्या वीस जणींना शिकवाल. भीती त्याची आहे.

वसुधा_ठाणे:
काढणारच आहे वर्ग. दिवाळीनंतर. या बघायला.

पेंटरचा_पोर:
तुम्हा दोघांचं शहरी भांडण वाचून करमणूक झाली. माझे वडील सांगलीत पेंटर होते. बोरू बघितला असेल शाळेत, त्यानंतर नाही. सुतळीला खडू फासायचा, दोन टोकं धरून भिंतीवर फटकारायची, रेघ तयार. मग चपटा ब्रश, इनॅमल, आणि दुकानाचं नाव थेट भिंतीवर. शिडीवर उभं राहून चार फुटी अक्षर काढताना मागे जाऊन बघता येत नाही. शेवटचं अक्षर कुठे संपणार ते पहिलं अक्षर काढायच्या आधी डोक्यात असावं लागतं. हे कुठल्या वर्गात शिकवतात?

मग फ्लेक्स आला. आदल्या संध्याकाळी फोटो दिला की सकाळी बोर्ड टांगलेला. बाबांनी पुढे साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमनकी केली. मराठी पाट्यांचा कायदा २०२२ ला कडक झाला, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मला वेड्याला वाटलं, आता पेंटरांचे दिवस फिरले. कसले फिरतात! मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको एवढंच नियमात आहे, ते कुणी आणि कशाने लिहावं हे कुठे आहे? सगळं काम ॲक्रिलिक आणि एलईडीवाल्यांकडे गेलं.

गंमत पुढे. मागच्या वर्षी पुण्यात एका कार्यशाळेला बाबांना 'अतिथी कलावंत' म्हणून बोलावलं. विषय, हाताने रंगवलेल्या पाट्या. पोरांनी माणशी साडेतीन हजार भरलेले. बाबांना शाल, नारळ आणि एसटीचं भाडं. आता बोला प्रमाणपत्रावर.

शाईवाली:
मी कार्यशाळा घेते, तेव्हा माझंही ऐका. ती जाहिरात माझी नाही, पण तशाच जाहिराती करते. कारण 'सहा महिने शिरोरेषा गिरवा' असं लिहिलं तर हॉलमध्ये मी आणि खुर्च्याच उरतो. करूनही पाहिलंय. हॉलचं भाडं, कागद, पेनं, चहा-बिस्किटं जाऊन हातात जे उरतं ते ऐकून तुम्हीच मला वर्गणी काढून द्याल.

आणि कार्यशाळा म्हणजे भेसळ असं धरून चालू नका. सुलेखनकार अच्युत पालव किती वर्षं गावोगाव कार्यशाळा आणि प्रात्यक्षिकं करत आलेत! २०२५ ला पद्मश्री मिळाली ती बोरू घेऊन दार लावून बसल्याबद्दल नाही. मोठाले ब्रश, लोकांसमोर रंग उडतोय, पोरं तोंडाचा आ करून बघतायत. त्यातलीच चार पुढे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात जातात. तुमच्या कोनाच्या व्याख्यानाला किती जातात?

तिरकी_निब:
पालवांना ढाल करू नका. आधी त्यांनी मोडी लिपीत डोकं घातलं, वळणं हातात मुरवली, तेव्हा कुठे मुक्त लिहायला लागले. तुमच्याकडे मुक्त आधी आणि वळण कधीच नाही. जाहिरातीचं म्हणाल तर ते पटलं. म्हणजे खोटं बोलावं लागतं हे पटलं.

शाईवाली:
वा! एवढं तरी पदरात पडलं.

पेंटरचा_पोर:
शाईवाली ताई, पद्मश्री आली, वर्गणी आली. शाल-नारळाचं उत्तर राहिलं.

लकार:
सगळे आपापलं दुःख मांडताय म्हणून मूळ दुखणं मी सांगतो. या कार्यशाळांत 'ल' कुठला शिकवतात? दांड्याचा! हिंदी वळणाचा! माझी भाची घरी 'लक्ष्मी' लिहून घेऊन आली, ल ला हा एवढा उभा दांडा. मराठीचा ल पाकळीचा. श चंही तेच. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी वळणं ठरवून दिली, २०२२ ला तो सुधारून पुन्हा काढला, बालभारतीत मुलं तोच ल गिरवतात. मग हजारो रुपये भरून हिंदी ल शिकायचा?

संत्रा_बर्फी:
झालं सुरू. नागपुरात माझ्या आजोबांच्या वह्यांत दोन्ही ल आहेत, एकाच पानावर. लक्ष्मीने घर सोडलं नाही.

लकार:
नागपूरचं सोडा, तुमच्याकडे मध्य प्रांताची हवा आहे.

संत्रा_बर्फी:
आणि तुमच्याकडे सदाशिव पेठेची. वळण कुणाच्या मालकीचं नसतं हो. छापखान्याने बदललं, टाइपरायटरने बदललं. टिळकांनीही केसरीच्या छपाईसाठी खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे टाइप, कमी करायचा घाट घातलाच होता की. सावरकरांनी तर इ-ई-उ-ऊ काढून अ लाच वेलांट्या आणि उकार लावले. आमच्याकडे त्या बाराखडीतली जुनी पुस्तकं अजून आहेत. तेव्हा लिपी बुडाली नाही, दांड्याच्या ल ने बुडणार?

लकार:
सावरकरांची बाराखडी टिकली का? नाही टिकली. लोकांनी नाकारली. म्हणजे वळणाला मालक असतो, तो म्हणजे लिहिणारा समाज. आणि समाज नाकारेल कसा, जर फोनमध्ये, संगणकावर, पत्रिकेवर एकच ल दिसत राहिला तर? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ल एकच आहे, तो दिसतो कसा हे फॉन्टवर. वर्षानुवर्षं कचेऱ्यांत मंगल फॉन्ट, त्यात सरळ टाइप केलं की दांड्याचा ल. हाताने लिहिणं ही एकच जागा उरली होती जिथे पाकळी जगली असती. तिथे या कार्यशाळा फोनवरचा ल बघून गिरवायला लावतात.

झोपाळू_जेजे:
मंगल र. कृ. जोशींनीच केला, बरं का. वर ज्यांची आरती चाललीय तेच. बघा आता काय करायचं ते.

लकार:
माहीत आहे. हिंदी, मराठी, नेपाळी सगळ्यांना मिळून एक फॉन्ट करायचा होता, एक ल निवडावा लागला. त्यांच्यावर राग नाही. पुढे फॉन्टला भाषा सांगून वळण बदलायची सोय आली. ती कुणी वापरत नाही त्याचा राग आहे.

न्यूजर्सीकर_मावशी:
मी इथल्या मराठी शाळेत रविवारी शिकवते. पुस्तकात पाकळीचा ल, मुलांच्या टॅबलेटवर दांड्याचा. एका मुलाने विचारलं, 'विच वन इज द रियल वन?' मी सांगितलं, पुस्तकातला. आईबाप येऊन म्हणाले, आमच्या फोनवर तर दुसराच येतो, पोरांना गोंधळात टाकू नका. तेव्हा लकार, भांडा तुम्ही. माझा पाठिंबा आहे. फक्त सदाशिव पेठेचा सूर नको.

संत्रा_बर्फी:
मावशी, दांड्याच्या ल चा फायदाही मुलांनाच. दांडा काढला की अर्धा ल तयार, कल्याण लिहा, उल्हास लिहा. पाकळीचा अर्धा ल कसा काढायचा हे किती जणांना येतं?

लकार:
न आलेलं शिकायचं असतं. त्यालाच कार्यशाळा म्हणतात!

तिरकी_निब:
लकार, धागा कॅलिग्राफीच्या बाजाराचा होता. ल वर वेगळा धागा काढा. तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ऐकताना ते चूक असावं असं वाटायला लागतं.

लकार:
तुमचा कोन आणि माझा ल एकच प्रश्न आहे. दुसऱ्याच्या लिपीचं हत्यार आणि दुसऱ्याच्या भाषेचं वळण. स्वतःचं दुखलं की संस्कृती, दुसऱ्याचं दुखलं की 'वेगळा धागा काढा'.

झोपाळू_जेजे:
हे मात्र तिरकी_निबला लागलं असणार.

शाईवाली:
मी तरी पाकळीचाच ल शिकवते. लकार, जाहिरातीत टाकू का? 'अस्सल मराठी ल, दोन तासांत.'

लकार:
टाका. चेष्टेत का होईना, कुणाला तरी कळेल.

वसुधा_ठाणे:
मी आत्ता लिहिलेली पाकिटं काढून बघितली. वीसातल्या सगळ्या पाकिटांवर ल दांड्याचा. 'शुभविवाह' मधल्या श चं काय ते बघायची हिंमत नाही. पण नवरीकडची मंडळी खूश आहेत, मी बदलणार नाही.

तिरकी_निब:
ताई, शिरोरेषा जरी जाड केलीत तरी पुरे. रुंद तोंडाची कट निब घ्या, डावखुऱ्यांसाठी म्हणून मिळते ती तिरकी. आपल्या उजव्या हाताला देवनागरीसाठी तीच बसते. प्रमाणपत्र राहू दे फ्रीजवर.

वसुधा_ठाणे:
बघा, एका ओळीत कामाचं सांगितलंत. वर एवढं लांबण लावलंत त्यापेक्षा हे आधी सांगायचं. निब आणते. वर्ग काढणारच.

पेंटरचा_पोर:
तिसऱ्यांदा विचारतोय. शाल-नारळ.

शाईवाली:
दादा, तो कार्यक्रम माझा नव्हता. लाज वाटली वाचून, खरं सांगते. फेब्रुवारीत मी पाट्यांची कार्यशाळा ठेवतेय, बाबांना बोलवायचं आहे.

पेंटरचा_पोर:
येतील. शिडी त्यांची, ब्रश त्यांचे. मानधन आधी, आकडा इथेच सगळ्यांसमोर लिहा. आणि पोरांना कागदावर नको, भिंतीवर लिहायला लावतील. भिंत बघून ठेवा.

शाईवाली:
भिंतीचं जमवते. आकडा मात्र हॉलच्या भाड्याचं ठरलं की...

पेंटरचा_पोर:
आलं बघा भाडं. भिंतीला हॉल कशाला लागतो ताई?