चाकणला कार कारखाना पाहायला 40 मुलं न्यायची आहेत: नक्की काय दाखवावं?

डिप्लोमा_मेकॅनिकल

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाची 40 मुलं-मुली घेऊन चाकण भागातल्या एका कार कारखान्यात जायचं आहे. परवानगी मिळाली आहे, वेळ दोन तासांची. प्रेस शॉप (पत्र्याला आकार देतात ती जागा), वेल्ड शॉप आणि असेम्ब्ली (सुटे भाग बसवतात ती लाइन) दाखवणार, पेंट शॉप मात्र नाही असं कळवलं आहे. अशा भेटीनंतर मुलांच्या अहवालात "कारखाना भव्य व स्वच्छ होता, रोबो पाहिले" एवढंच उतरतं. या वेळी तसं व्हायला नको. कुठे थांबावं, नजर कशावर ठेवावी, दाखवणाऱ्या माणसाला काय विचारावं? गेटवर काय अडतं आणि पेंट शॉप का दाखवत नाहीत, हेही सांगा.

स्पॉटगन

सर, निदान 40 मिनिटं वेल्ड शॉपला ठेवा. आणि ठिणग्या का उडतात ते मुलांना वर्गातच शिकवून न्या, कारण तिथे गेल्यावर सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडेच जातं.

स्पॉट वेल्डमध्ये दोन पत्रे तांब्याच्या दोन टिपांमध्ये दाबून त्यांतून करंट सोडतात. 0.8 मिमीच्या दोन पत्र्यांना साधारण 200 किलोचा दाब, 8-9 हजार अँपिअर करंट आणि सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढा वेळ पुरतो. पत्र्यांच्या मधोमध मसुराच्या दाण्याएवढं लोखंड वितळतं आणि थिजतं, तोच जोड. हा दाणा चहूबाजूंनी घट्ट धातूत बंद राहिला तर ठिणगी उडत नाही. उडाली, तर त्या दाण्यातलंच लोखंड बाहेर फेकलं गेलं. आत पोकळी राहते, वर खड्डा पडतो आणि कडेला उभा राहिलेला बर (धातूची धारदार कड) पुढे वायरिंगचं आवरण किंवा फिटरचं बोट कापतो.

कारणं ठरलेली आहेत. पत्रे एकमेकांवर नीट न बसल्याने राहिलेली फट, टिपा समोरासमोर नसणं, स्पॉट कडेच्या फार जवळ पडणं, करंट जास्त किंवा दाब कमी. म्हणून मुलांना एकाच सेलसमोर (रोबो वेल्डिंग करतात त्या कप्प्यासमोर) उभं करा आणि सलग पाच बॉडी जाईपर्यंत कुठल्या स्पॉटवर ठिणगी उडाली ते वहीत टिपू द्या. प्रत्येक बॉडीला त्याच जागी उडत असेल तर आधी पत्र्याचं बसणं आणि फिक्स्चर (पत्रे जागी धरणारी चौकट) तपासावं. आज इथे, उद्या तिथे असं असेल तर टिपेकडे बघावं.

टिपेचं टोक नवं असताना साधारण 6 मिमी व्यासाचं असतं. पत्र्यावरचं जस्त तांब्यात मिसळून पितळ होतं, टोक मऊ पडतं आणि छत्रीसारखं पसरतं. व्यास 7.5 मिमी झाला की क्षेत्रफळ 28 वरून 44 चौरस मिमीवर जातं, म्हणजे तेवढ्याच करंटची घनता 36 टक्क्यांनी घटते. गणित मुलांकडून करून घ्या! यावर उपाय म्हणजे रोबो ठरावीक स्पॉट झाले की आपणहून बाजूच्या छोट्या कटरकडे जातो आणि टोक तासून घेतो. याला टिप ड्रेसिंग म्हणतात. नजर चुकली तर हे दिसतही नाही, कारण सगळं दोन-चार सेकंदांत उरकतं. किती स्पॉटनंतर ड्रेसिंग आणि किती ड्रेसिंगनंतर टिप बदल, हा विचारायचा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न: जोड पक्का आहे हे कळतं कसं? एका बॉडीवर साधारण 3 ते 5 हजार स्पॉट असतात. काही ठिकाणी दोन पत्र्यांमध्ये छिन्नी घालून हातोडा मारतात. जोड उघडला नाही तर पास, आणि पत्रा पुन्हा ठोकून सरळ. ठरावीक काळाने एक अख्खी बॉडी फाडून बघतात. जोड चांगला असेल तर एका पत्र्याला भोक पडतं आणि दुसऱ्यावर बटण राहतं. त्या बटणाचा व्यास मोजतात. पत्र्याच्या जाडीच्या वर्गमुळाची चौपट हा बऱ्याच ठिकाणी किमान हिशोब धरतात, म्हणजे 0.8 मिमीला सुमारे 3.6 मिमी. फाडलेला तुकडा बहुतेक शॉपमध्ये टेबलावर ठेवलेला असतो. तो मुलांच्या हातात द्यायला आवर्जून सांगा.

तिसरी_पाळी

गेटबद्दल. कॉलेजच्या लेटरहेडवर नावांची यादी आणि प्रत्येकाचं ओळखपत्र. यादीत नसलेला एक जण जरी आला तरी पूर्ण बस थांबते. पायात बंद बूट हवेत, सँडल आणि कापडी चपला चालत नाहीत. ओढणी, सैल बाह्या, लोंबणारं आयकार्ड नको, केस बांधलेले. अंगठी, कडं, घड्याळ बसमध्येच काढून ठेवा. मोबाइल एकतर जमा करतात किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात.

एक गोष्ट मात्र आधी विचाराच: कुणाला, शिक्षकांनाही, पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे का. वेल्डिंग गनभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे अशा व्यक्तीला वेल्ड शॉपमध्ये नेत नाहीत. ते आदल्या दिवशीच कळवा.

आत गेल्यावर रंगवलेल्या पट्ट्यातूनच चालायचं. माल वाहणाऱ्या एजीव्ही (चालकाविना चालणाऱ्या गाड्या) जवळजवळ आवाज न करता येतात, म्हणून चौकात थांबून दोन्ही बाजूंना बघायची सवय आधीच लावा. आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ टाळून स्लॉट घ्या. लाइन बंद असेल तर बघायला काही उरत नाही.

प्राइमर

पेंट शॉपचं उत्तर एका शब्दात: धूळ. आणि त्याहून वाईट, सिलिकोन.

गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन होतात. त्यात सीईडीचे (टाकीत बुडवून विजेने बसवलेला पहिला थर) 20 च्या आसपास, मग प्राइमर, रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या घरातला. म्हणजे कपड्यावरचा एक धागा ओल्या क्लिअर कोटवर पडला तर तो बोटाला लागणारच. हेअर सीरम, काही क्रीम, डिओडरंट यांत सिलिकोन असतं. त्याचा अंश पृष्ठभागावर बसला की तिथून ओला रंग मागे सरकतो आणि बारीक खळगा पडतो, ज्याला आम्ही क्रेटर म्हणतो. ते पॉलिशने जात नाही. घासून पुन्हा रंगवावं लागतं. 40 पाहुण्यांपैकी कोण सकाळी काय लावून आलंय हे कसं तपासणार?

पण पेंट शॉप न बघताही मुलांना ते वाचता येतं. असेम्ब्लीच्या सुरुवातीला बॉडीच्या तळातली भोकं दाखवा. सीईडीच्या टाकीत बॉडी बुडवून 200-300 व्होल्टच्या आसपास विद्युतदाब देतात; रंग लोखंडाकडे ओढला जातो आणि बंद खोक्यांच्या आतही बसतो. त्यासाठी द्रव आत शिरायला, हवा निघायला आणि नंतर निथळायला वाट हवी. ती ही भोकं, पुढे रबरी बुचांनी बंद करतात. हवा अडकली तर तेवढी जागा कोरी राहते आणि काही वर्षांनी गंज आतून सुरू होतो.

आणि स्पॉटगन यांच्या ठिणग्यांचं पुढे काय होतं? लोखंडाचे गोळे बॉडीत चिकटून किंवा सुटून आमच्या टाकीत येतात आणि सीईडीवर खडे होऊन बसतात. मग सँडिंगवाल्यांचं काम वाढतं.

डिप्लोमा_मेकॅनिकल

फारच उपयोगी. सगळं वहीत उतरवून घेतलं. प्रेस शॉप आणि असेम्ब्लीबद्दलही कुणी लिहा. शिवाय 40 जण एकत्र न्यावेत की गट करावेत?

टाक्ट_टाइम

गट करा. दहा-दहाचे चार, प्रत्येकाबरोबर एक माणूस. वीसच्या वर झाले की मागच्यांना शब्दही ऐकू येत नाही.

प्रेस शॉपमध्ये धडधड ऐकून पुढे जाऊ नका. लाइनच्या शेवटी तपासणीच्या टेबलापाशी थांबा. माणूस सुती हातमोजा घालून बॉनेटवरून तळवा फिरवत असतो. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो. मग तो सपाट ऑइलस्टोन हलक्या हाताने घासतो. उंच जागी पत्रा चकाकतो, खोल जागी स्टोन लागतच नाही. डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) एक कण अडकला तर प्रत्येक पॅनलवर त्याच जागी फोड येतो. इथे नजरेतून सुटला तर तो फोड रंगावर सगळ्यात आधी दिसतो, कारण चकाकी दोष मोठा करून दाखवते.

असेम्ब्लीत आधी घड्याळ लावा. बॉडी एका खुणेवरून पुढच्या खुणेवर जायला किती सेकंद? पाळीतली कामाची 450 मिनिटं आणि 300 गाड्या असतील तर टाक्ट टाइम, म्हणजे एका गाडीमागे मिळणारा वेळ, 90 सेकंद. त्या 90 सेकंदांत एका स्टेशनवरचा माणूस किती पावलं चालतो, किती वेळा वाकतो, पार्ट घ्यायला मान वळवतो का, हे मुलांनी मोजावं. लाइन बॅलन्सिंगच्या (सगळ्या स्टेशनांना काम सारखं वाटण्याच्या) धड्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

दरवाजे लाइनच्या सुरुवातीलाच का काढतात, हे मुलांनाच ओळखू द्या. डॅशबोर्ड आणि सीट आत घालायला जागा हवी, रंगावर ओरखडा नको. पुढे त्याच बॉडीला तेच दरवाजे परत लागतात, कारण बसवणी आणि रंग त्या जोडीने झालेला असतो.

मॅरेज स्टेशनवर इंजिन, सस्पेन्शन खालून वर येतं आणि बॉडीला जुळतं. तिथे बोल्ट आवळणाऱ्या टूलच्या स्क्रीनकडे बघा. त्यावर टॉर्कबरोबर कोनही दिसतो. कोन भरण्याआधीच टॉर्क आला तर आटे तिरके बसले असण्याची शक्यता. कोन भरपूर झाला आणि टॉर्क येत नाही तर आटे गेलेत किंवा मधला वॉशर राहिलाय. म्हणून नुसता टॉर्क बरोबर आला म्हणून जोड बरोबर असं होत नाही. ठरलेले सगळे बोल्ट स्क्रीनवर हिरवे झाल्याशिवाय बॉडी पुढे सोडत नाहीत.

शेवटी ब्रेक फ्लुइड भरायची जागा. आधी पाइपांतली हवा व्हॅक्युमने काढतात, गळती नाही हे बघतात आणि मगच फ्लुइड आत सोडतात. गॅरेजमध्ये पेडल दाबत ब्लीडिंग करायला (पाइपांतली हवा काढायला) जो वेळ जातो, तो इथे का जात नाही हे मुलांना लगेच समजेल.

तिसरी_पाळी

तारखेचं राहिलं. पिंपरी-भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नव्हे. तुमच्या कारखान्याची कोणती ते विचारून घ्या. खंडेनवमीचा दिवसही टाळा. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, मुलांना छान वाटेल, पण चालती लाइन बघायला मिळेलच असं नाही.