फझी म्हणजे धूसर, अस्पष्ट की संदिग्ध?

प्रश्न : 'फझी लॉजिक'वरचा एक लेख मराठीत आणतोय. 'संदिग्ध तर्कशास्त्र' असं लिहिलं, पण खटकतंय. काय म्हणावं?

उत्तर : खटकतंय ते योग्यच आहे. संदिग्ध म्हणजे ज्यात संदेह आहे ते. 'त्याने माझं पुस्तक नेलं' यातलं पुस्तक माझ्या मालकीचं की मी लिहिलेलं? दोन्ही अर्थ स्वच्छ आहेत, कुठला ते सांगितलं की संदेह मिटतो. 'उंच'चं तसं नाही. माणूस मिलिमीटरपर्यंत मोजून दिला, तरी १७४ सेंटिमीटरवाला उंच का, हा प्रश्न उरतोच. माहिती कुठेच कमी पडलेली नाही, शब्दालाच काठ नाही. म्हणून मला 'धूसर' पटतो. 'अस्पष्ट' नको, त्यात नीट न दिसण्याचा, न मांडण्याचा दोष येतो.

फझी लॉजिकचा पाया घालणारे लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये गणितातल्या संचातलं, म्हणजे गोष्ट गटात 'आहे किंवा नाही' हे काढून ० ते १ मधला अंश ठेवला. आपला माणूस ०.६ इतका उंच धरू. मग 'उंच नाही' ०.४. 'किंवा'साठी दोन्हींतला मोठा अंश घ्यायचा, म्हणून 'उंच आहे किंवा उंच नाही' हे विधानसुद्धा ०.६ इतकंच खरं! नेहमीच्या तर्कशास्त्रात ते पूर्ण खरं असतं. आणि हे ०.६ म्हणजे संभाव्यता नव्हे, हे लेखात ठळक लिहा. तो उंच निघण्याची शक्यता इथे कुणी मोजत नाहीये, तो समोरच उभा आहे.

मराठीला हे अंशाचं गणित नवं नाही. लालसर, ओलसर, काळपट, हिरवट हे शब्द आपण रोज वापरतो. लालसर म्हणजे लाल आहे, पण पुरतं नाही.

प्रश्न : म्हणजे 'धूसर तर्कशास्त्र'?

उत्तर : 'धूसर संच' बिनधास्त लिहा. तर्कशास्त्राला मात्र ते विशेषण लावू नका. नियम काटेकोर आहेत, धूसर आहेत त्या संकल्पना. 'धूसरतेचं तर्कशास्त्र' म्हणा, एका षष्ठीने काम होतं.

दुसरं उत्तर : षष्ठी पटली. पण ढिगाचं कोडंही घ्या, ते मिलेटसच्या युबुलिडीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर आहे. एक कण काढल्याने ढीग मोडत नाही, मग एकेक कण काढत एकच उरला तरी ढीग? अंशवादी, म्हणजे खरेपणाला अंश असतात असं मानणारे, म्हणतात, प्रत्येक पायरी पूर्ण खरी नाही, किंचित कमी खरी आहे, आणि ती घट साचत जाते. तत्त्वज्ञ टिमोथी विल्यम्सन यांच्या मते मात्र नेमकी सीमा असतेच, आपल्याला ती कळू शकत नाही. त्यांचं मत सांगताना 'सीमा धूसर' लिहू नका, 'सीमा अज्ञात' लिहा.